पाचगणीच्या शाळेतला फारोख

(द्वितीय वर्ष, कला)

माझे मामा पाचगणीला एका हॉटेलात स्वयंपाकी आहेत. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी त्यांच्याकडे गेले होते. फलटण-वाईमार्गे गेले तर नातेपुत्याहून अर्ध्या दिवसाची वाट. तेथे एक परदेशी जोडपे मामांना खुणा करून सेंट पीटर्स शाळेचा रस्ता विचारीत होते. ते गेल्यावर मामा मला म्हणाले, "अगं, त्या शाळेत कोण एक मोठा गाणारा शिकून गेला, त्याच्यासाठी येतात ही माणसं. तो तर कधीच वारला." मामांना त्याचे नाव सांगता येईना. ते नाव शोधता शोधता हा लेख झाला.

तो गायक म्हणजे फ्रेडी मर्क्युरी. खरे नाव फारोख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळील झांझिबार बेटावर. वडील बोमी तेथे ब्रिटिश सरकारच्या कचेरीत रोखपाल होते, आई जेर. कुटुंब पारशी. बुलसारा हे आडनाव गुजरातेतील बलसाड गावावरून पडलेले. म्हणजे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी इराणातून गुजरातेत आले, पुढच्या पिढ्या पोटापाण्यासाठी आफ्रिकेला गेल्या, आणि मुलगा आठ वर्षांचा झाल्यावर शिकायला बोटीने मुंबईला व तेथून पाचगणीला आला. या मुलाने आपले गाव कोणते म्हणून सांगावे?

हा प्रश्न मला सुचला त्याचे कारण खासगी आहे. माझे आईवडील बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला इकडे आले. मुकादमाची उचल, कोयता, फडाशेजारची कोपी हे सगळे त्यांनी केले. एका वर्षी टोळी परत गेली आणि आमचे वडील सालगडी म्हणून इथेच राहिले. माझा जन्म नातेपुत्याचा. तरी मी एका शाळेत दहावीपर्यंत 'बीडवाली'च होते. असो.

पाचगणीच्या वसतिगृहात फारोख पियानो शिकला. फारोखचा फ्रेडी झाला तो याच शाळेत, सोबत्यांच्या तोंडी. त्याला वरच्या जबड्यात चार दात जादा होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर येत व मुले 'बकी' म्हणून चिडवीत. (हे दात त्याने मोठेपणी, गाठीला पैसा असूनही, काढले नाहीत. आवाज बिघडेल अशी त्याला भीती होती.) १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. गंमत अशी की त्यात मुख्य गायक दुसराच मुलगा होता, फ्रेडी मागे बसून पियानो वाजवी.

१९६३ मध्ये तो झांझिबारला परतला. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९६४ मध्ये, तेथे क्रांती होऊन सुलतानाची सत्ता उलथली. अरब व भारतीय वंशाची हजारो माणसे मारली गेली. बुलसारा कुटुंब जीव वाचवून इंग्लंडला गेले व लंडनच्या हीथ्रो विमानतळाजवळ फेल्टम येथे राहिले. सतरा वर्षांचा हा मुलगा तेथे शिकता शिकता विमानतळावर सामान चढविण्याचे काम करी. ईलिंगच्या कलाविद्यालयातून १९६९ मध्ये त्याने पदविका घेतली. पुढे बाजारात जुने कपडेही विकले.

१९७० मध्ये ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्यासह त्याने 'क्वीन' हा बँड उभा केला. जॉन डीकन १९७१ मध्ये आला. बँडचे मानचिन्ह फ्रेडीनेच काढले, चौघांच्या राशी घेऊन: दोन सिंह, एक खेकडा आणि कन्या राशीच्या दोन पऱ्या. कन्या रास त्याची स्वतःची. याच सुमारास त्याने बुलसारा सोडून मर्क्युरी हे आडनाव घेतले.

त्यांचे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे १९७५ चे गीत सहा मिनिटांना पाच सेकंद कमी. रेडिओवर एवढे लांब गाणे कोण लावणार, असा ध्वनिमुद्रिका कंपनीचा आक्षेप होता. ते इंग्लंडात सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. मधल्या भागात मोठा समूह गातो आहे असे वाटते. प्रत्यक्षात गळे तीनच. फ्रेडी, मे व टेलर यांनी तेच स्वर पुनःपुन्हा गायचे, प्रत्येक वेळचे ध्वनिमुद्रण आधीच्यावर चढवायचे, असे कित्येक थर. फीत इतक्या वेळा फिरली की तिच्यावरचा लेप झिजून पलीकडचे दिसू लागले, असे मे यांनी सांगितले आहे. तीन वारकऱ्यांनी अख्खी दिंडी उभी करावी तसा हा प्रकार.

दिंडीची आठवण उगाच आली नाही. ज्ञानेश्वर माउलींची पालखी दरवर्षी आमच्या गावी मुक्कामाला असते. विणेकरी एक चरण म्हणतो, शेकडो गळे तो झेलून परत करतात. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी 'लाइव्ह एड' हा जलसा झाला. सत्तर हजारांवर श्रोते, क्वीनला वीसेक मिनिटे. फ्रेडी नुसता एक आलाप घेतो आणि सारे मैदान तो जसाच्या तसा परत फेकते. मोबाइलवर मी ते दृश्य वडिलांना दाखविले. इंग्रजीचे अक्षर न कळणारे आमचे वडील म्हणाले, "ह्याला टाळकरी चांगले मिळालेत."

त्याचे सारेच मला पटत नाही. १९८४ मध्ये, वर्णद्वेषी राजवटीवर जगाचा बहिष्कार असताना, क्वीनने दक्षिण आफ्रिकेत सन सिटी येथे कार्यक्रम केले. वंशामुळे बेट सोडावे लागलेल्या माणसाने तरी तेथे जायला नको होते.

तसेच आपल्या भारतीयपणाबद्दल तो चारचौघांत क्वचितच बोले. त्याने मूळ लपविले, अशी टीका आजही होते. मला एवढी घाई करवत नाही. १९७० च्या आसपास इंग्लंडात आशियाई माणसाला रस्त्यात मारहाण होई. मीही अकरावीला नवे वर्ग मिळाल्यावर बीडचे नाव काढले नव्हते. कोणी विचारलेही नाही, आणि मला हायसे वाटले.

१९८७ मध्ये त्याला एड्स झाल्याचे निदान झाले. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने ते जाहीर केले व दुसऱ्याच दिवशी, पंचेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. लंडनमध्ये अंत्यविधी झाला तो पारशी धर्मगुरूंच्या हस्ते, आईवडिलांच्या पद्धतीने. सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये त्याच्या नावे एड्सविरोधी कार्यासाठी न्यास काढला.

फेल्टमच्या त्या घरावर २०१६ मध्ये निळी स्मृतिपाटी बसविण्यात आली. तिच्यावर वर फ्रेडी मर्क्युरी आणि खाली कंसात बुलसारा असे दोन्ही आहे. मामांना मी हे सांगितले, नाव कागदावर लिहूनही दिले. आता कोणी रस्ता विचारला की ते "फारोख?" असे विचारतात, आणि पाहुणे गोंधळतात.