सॉफ्टवेअर अडलं तर : अन्वय आणि व्यतिरेक

आमचा जन्म गेला तत्त्वज्ञान शिकवण्यात. मग संगणकाच्या बिघाडांवर आम्ही काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण निमित्त तसंच घडलं. इथे काशीगावात आमच्या शेजारी वनस्पतिशास्त्राची एक विद्यार्थिनी राहते. खाडीकाठच्या तिवराची पानं आणून ती त्यांचं क्षेत्रफळ मोजते. आमच्या वेळी पान आलेखाच्या कागदावर ठेवून चौकोन मोजत. आता पानाचा फोटो ‘फिजी’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत वेन रासबँड यांनी १९९७ मध्ये आणलेल्या ‘इमेजजे’चाच हा विस्तार.

एके दिवशी ती म्हणाली, “सर, चालतच नाही!” आता ‘चालत नाही’ हे काही निदान नव्हे. आवृत्ती कोणती, काय केल्यावर अडलं, पडद्यावर नेमके कोणते शब्द आले, हे आधी लिहून काढायचं. निघालं असं की फिजी स्वतःला अद्ययावत करू शकत नव्हतं. तिने ते विंडोजच्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’मध्ये ठेवलं होतं आणि तिथे लिहायची परवानगी विंडोज त्याला देत नाही.

हे ठरवायचं कसं? आपल्या नैयायिकांची जुनी रीत आहे. कारण असेल तिथे कार्य असतं, हा अन्वय. कारण नसेल तिथे कार्य नसतं, हा व्यतिरेक. फोल्डर तिच्या स्वतःच्या जागेत हलवला, अडचण गेली. परत ठेवला, अडचण परतली. बाकी काहीच बदललं नव्हतं, म्हणून कारण पक्कं झालं. एकाच वेळी पाच गोष्टी बदलल्या असत्या, तर काम झालं असतं, पण कशामुळे ते कळलं नसतं.

दुसरी नेहमीची तक्रार ‘आउट ऑफ मेमरी’. इथे साधा गुणाकार करावा. २०४८ गुणिले २०४८ बिंदूंचं, १६ बिटांचं एक चित्र म्हणजे ८ एमबी. अशी हजार चित्रं म्हणजे सुमारे ८ जीबी! तेवढी मेमरी नसेल तर ‘व्हर्च्युअल स्टॅक’ म्हणून उघडावं. मग लागेल तेच चित्र आत येतं.

पण खरी भीती तिसऱ्या प्रकारची. तिथे संदेश येत नाही, काही अडतही नाही. एका पानाचं क्षेत्रफळ आलं ८० चौरस सेंटिमीटर, आणि पान तर चार बोटांएवढं! आदल्या फोटोत एका सेंटिमीटरला ४० बिंदू होते. ‘सेट स्केल’मध्ये ‘ग्लोबल’वर खूण राहिली, त्यामुळे तेच प्रमाण पुढच्या प्रत्येक चित्राला लागलं. नवे फोटो जवळून काढलेले, सेंटिमीटरला ८० बिंदूंचे. लांबी दुप्पट भरली, क्षेत्रफळ चौपट. ते आकडे तसेच प्रबंधात गेले असते, बरं का.

मुलगी रडकुंडीला आली होती. तीन दिवसांची मोजणी वाया गेली, म्हणाली. आम्ही म्हटलं, पान हातात धरून पाहिलंस, म्हणून चूक सापडली ना? फोटो आहेत, मोजणी पुन्हा होईल.

तेव्हापासून ती प्रत्येक पानाशेजारी आलेखाच्या कागदाचा तुकडा ठेवून फोटो काढते. आधी त्यावरचा एक सेंटिमीटरचा चौकोन मोजते. उत्तर एक चौरस सेंटिमीटर आलं, तरच पानाला हात लावते. तुम्हीही एवढं करा.