ज्यूरी पद्धती, मुंबईतील

न्यायालयापुढील खटल्यात प्रत्यक्ष काय घडले, हे न्यायाधीशाऐवजी नागरिकांतून निवडलेल्या पंचांच्या मंडळाने ठरविण्याची पद्धती. या मंडळास ज्यूरी व त्याच्या निर्णयास कौल म्हणतात. कायदा न्यायाधीशाने समजावून सांगावयाचा आणि वस्तुस्थितीचा निर्णय ज्यूरीने करावयाचा, अशी ही विभागणी असते. इंग्लंडमध्ये विकसित झालेली ही संस्था इंग्रजी अंमलाबरोबर अमेरिकेतील वसाहतींत गेली, तशीच ती मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांतही आली. अमेरिकेत ती न्यायव्यवस्थेचा आधारस्तंभ बनली, तर मुंबईच्या फौजदारी न्यायालयांतून ती कालांतराने नाहीशी झाली. ज्यूरीत कोण बसणार, कौलास किती मते लागणार आणि दिलेला कौल अंतिम ठरणार की नाही, या तीन प्रश्नांची दोन्हीकडे दिली गेलेली उत्तरे भिन्न होती. या भिन्नतेचे परिणाम मुंबईतील तीन गाजलेल्या खटल्यांत स्पष्ट दिसतात.

अमेरिकेतील ज्यूरी : भारतात कनिष्ठ न्यायालयांपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत एकच न्यायालयश्रेणी आहे. अमेरिकेत मात्र संघराज्याची आणि प्रत्येक घटक राज्याची अशा स्वतंत्र श्रेणी असून बहुसंख्य फौजदारी खटले राज्यांच्या न्यायालयांत चालतात. १७९१ मध्ये अंमलात आलेल्या सहाव्या घटनादुरुस्तीने आरोपीस निःपक्षपाती ज्यूरीपुढे खटला चालविला जाण्याचा हक्क दिला. गंभीर गुन्ह्यांच्या बाबतीत हा हक्क राज्यांवरही बंधनकारक असल्याचे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ठरविले. संघीय फौजदारी खटल्यात सामान्यतः १२ पंच असतात. पंचांची निवड करताना त्यांना प्रश्न विचारले जातात आणि दोन्ही बाजूंच्या वकिलांना हरकत घेता येते. मात्र वंशाच्या कारणावरून पंच वगळण्यास १९८६ च्या निर्णयाने मनाई झाली. कौल एकमतानेच व्हावा लागतो. लुइझियाना व ऑरेगन या राज्यांत बहुमताचा कौल चालत असे. तीही सवलत २०२० मध्ये संपुष्टात आली. एकमत न झाल्यास आरोपी दोषीही ठरत नाही आणि निर्दोषही ठरत नाही. नव्या ज्यूरीपुढे पुन्हा खटला चालविता येतो. ज्यूरीने एकदा निर्दोष ठरविलेल्या आरोपीवर त्याच गुन्ह्याबद्दल पुन्हा खटला भरता येत नाही किंवा त्या कौलाविरुद्ध सरकारला अपीलही करता येत नाही. असे असले, तरी अमेरिकेतील बहुतेक फौजदारी प्रकरणे आरोपीने सौम्य आरोप वा शिक्षा यांच्या मोबदल्यात गुन्हा कबूल केल्यामुळे ज्यूरीपर्यंत पोहोचतच नाहीत.

मुंबईतील रचना : १८६२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाची स्थापना झाली. शहरातील गंभीर गुन्ह्यांचे खटले या न्यायालयात ९ जणांच्या ज्यूरीपुढे चालत. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार उच्च न्यायालयातील ज्यूरीचे एकमत आवश्यक नव्हते. किमान ६ पंचांचे मत जुळले आणि न्यायाधीश त्याच्याशी सहमत झाला, तर तो कौल ग्राह्य ठरे. साधारण आणि विशेष असे ज्यूरीचे दोन प्रकार होते. विशेष ज्यूरी संपत्ती, प्रतिष्ठा व शिक्षण यांचा विचार करून तयार केलेल्या यादीतून निवडली जाई आणि त्या यादीत युरोपीयांना मोठे स्थान होते. शिवाय इल्बर्ट विधेयकावरील वादातून निघालेल्या १८८४ च्या तडजोडीने युरोपीय ब्रिटिश प्रजाजनांना, निदान निम्मे पंच युरोपीय वा अमेरिकन असलेली ज्यूरी मागण्याचा हक्क मिळाला. आपल्या बरोबरीच्या लोकांकडून न्याय, हे ज्यूरीचे मूळ तत्त्व. परंतु त्याचा लाभ राज्यकर्त्या समाजाला जितका सहज होता, तितका एतद्देशीय आरोपीला नव्हता.

टिळकांवरील खटले : १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांवर केसरीतील लिखाणाबद्दल राजद्रोहाचा खटला न्यायमूर्ती स्ट्रेची यांच्यापुढे चालला. ज्यूरीत ६ युरोपीय आणि ३ भारतीय होते. कौलही दोषी ६ विरुद्ध निर्दोष ३ असाच झाला. टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. १९०८ चा खटला मुझफ्फरपूर येथील बाँबस्फोटानंतर केसरीत आलेल्या लेखांवरून झाला. त्या वर्षी २४ जूनला टिळकांना मुंबईत अटक झाली आणि १३ ते २२ जुलै या काळात न्यायमूर्ती दिनशा दावर यांच्यापुढे सुनावणी झाली. विशेष ज्यूरीच्या मागणीस बचाव पक्षाने हरकत घेतली होती. अशा ज्यूरीत मराठी न जाणणाऱ्या युरोपीयांचे बहुमत होईल, असा तिचा आशय होता. ही हरकत मान्य झाली नाही. ज्यूरीत ७ युरोपीय व २ पारशी आले. लेख मराठीत होते, पण त्यांचा निवाडा मुख्यतः इंग्रजी भाषांतरांवरून व्हावयाचा होता. म्हणून टिळकांनी स्वतः केलेल्या दीर्घ भाषणात भाषांतरांतील शब्दयोजनेवर आक्षेप घेतले. ज्यूरीने ७ विरुद्ध २ मतांनी दोषी ठरविल्यावर ६ वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि टिळकांना मंडालेस ठेवण्यात आले. परळ, लालबाग व लगतच्या भागांतील गिरणी कामगारांनी ६ दिवस संप करून या निकालाचा निषेध केला. त्यावेळी लष्कर बोलाविण्यात येऊन गोळीबारही झाला. न्यायालयात पंच म्हणून बसण्याची ज्यांना कधी संधी नव्हती, त्यांनी आपले मत रस्त्यावर प्रकट केले. ज्या दालनात ही सुनावणी झाली, तेथे शिक्षेपूर्वीचे टिळकांचे उद्गार कोरलेला फलक १९५६ मध्ये बसविण्यात आला.

नानावटी खटला : स्वातंत्र्योत्तर काळात शहरातील असे खटले बृहन्मुंबईच्या सत्र न्यायालयात चालू लागले. नौदलातील अधिकारी कावस माणेकशा नानावटी यांच्यावर प्रेम आहुजा यांच्या खुनाचा आरोप होता. ही घटना एप्रिल १९५९ मध्ये घडली. आरोपीबद्दल शहरात मोठी सहानुभूती निर्माण झाली होती आणि वृत्तपत्रांनी तिला खतपाणी घातले. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी नानावटींना निर्दोष ठरविले. कौल पुराव्याशी विसंगत वाटल्यामुळे सत्र न्यायाधीशांनी संहितेच्या ३०७ व्या कलमान्वये प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. उच्च न्यायालयाने १९६० मध्ये खुनाबद्दल जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९६१ मध्ये तो निर्णय कायम केला. १९६४ मध्ये राज्यपालांनी नानावटींना माफी दिली.

तिन्ही खटले एकत्र पाहिले असता एक गोष्ट लक्षात येते. एकमताचा नियम असता, तर ६-३, ७-२ आणि ८-१ यांपैकी एकही कौल सिद्ध झाला नसता. पहिल्या दोन खटल्यांत टिळक त्या ज्यूरीकडून दोषी ठरले नसते आणि तिसऱ्यात नानावटी निर्दोषही ठरले नसते. प्रत्येक वेळी नव्या ज्यूरीचा प्रश्न उद्भवला असता. एकाच्या मतालाही वजन असले, म्हणजे उरलेल्यांना त्याचे समाधान करावे लागते. मुंबईतील नियमाने ही गरज ठेवली नव्हती. त्यामुळे एकदा समाजाच्या फुटीचे, तर एकदा लोकभावनेच्या लाटेचे प्रतिबिंब कौलात उमटले.

पद्धतीचा शेवट : नानावटी खटल्यामुळेच भारतातील ज्यूरी रद्द झाली, हा प्रचलित समज बरोबर नाही. विधी आयोगाने १९५८ मध्येच ती रद्द करण्याची शिफारस केली होती आणि त्या खटल्यानंतरही काही राज्यांत ती चालू होती. या खटल्याने टीकाकारांना एक ठळक उदाहरण मात्र मिळाले. १ एप्रिल १९७४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला स्थान राहिले नाही. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ते नाही. आता वस्तुस्थितीचा निर्णय न्यायाधीशच देतो. मात्र त्याला आपली कारणे लेखी नमूद करावी लागतात आणि वरिष्ठ न्यायालयास ती तपासता येतात. ज्यूरीला आपल्या कौलाची कारणे द्यावी लागत नसत.

या संस्थेचा एक अवशेष मुंबईत टिकून आहे. १९३६ च्या पारशी विवाह व घटस्फोट अधिनियमाखालील दावे उच्च न्यायालयात पारशी प्रतिनिधींच्या साहाय्याने चालतात. प्रतिनिधींची संख्या पूर्वी ७ होती. १९८८ च्या दुरुस्तीने ती ५ करण्यात आली. कायद्याचे प्रश्न न्यायाधीश आणि वस्तुस्थितीचे प्रश्न प्रतिनिधी बहुमताने ठरवितात.