कोणती द्वारका?

नाशिकमध्ये 'द्वारकेला चला' म्हटले, की रिक्षावाला तुम्हांला मुंबई-आग्रा महामार्ग व पुणे रस्ता मिळतात त्या चौकात नेतो. 'कोणती द्वारका?' असे तो विचारत नाही. पण द्वारका गुजरातेत आहे, दिल्लीतही आहे!

आता समजा, दोन ठिकाणांमधील अंतर सांगणारा प्रोग्रॅम तुम्ही लिहिला. असे प्रोग्रॅम स्वतः निवडून काम पार पाडणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेला 'एजंट' म्हणतात. निवड करताना त्याची भिस्त असते ती तुम्ही लिहिलेल्या माहितीवर. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने जाहीर केलेल्या 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' या पद्धतीत प्रत्येक साधनाचे नाव, वर्णन आणि त्याला काय पुरवायचे, हे एजंटला कळवले जाते.

नुसते 'ठिकाण द्या' असे लिहिले, तर एजंट 'द्वारका' एवढेच देईल आणि उत्तर शेकडो किलोमीटरांनी चुकेल. त्याऐवजी लिहा : 'ठिकाण, शहर, राज्य द्या, उदा., द्वारका, नाशिक, महाराष्ट्र. उत्तर किलोमीटरमध्ये, रस्त्याने. ठिकाण न सापडल्यास तसे कळेल.'

एकक लिहिणे क्षुल्लक वाटते ना? १९९९ मध्ये 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान मंगळापाशी गमावले गेले. एका प्रोग्रॅमने आकडे पौंडांच्या एककात दिले; ते न्यूटनच्या एककात आहेत असे समजून पुढचे गणित झाले!

एक प्रयोग करा. शाळेपासून तुमच्या घरापर्यंतचा रस्ता मित्राला लिहून द्या. प्रश्न विचारण्यास मात्र बंदी. तो जेथे अडेल, तेथे तुमचे लिहिणे अपुरे आहे.