स्टिअरिंग हलकं झालं? खूश होऊ नका!

स्टिअरिंग जड झालं की माणूस त्याच आठवड्यात गॅरेज गाठतो. हलकं झालं की मात्र खूश होतो. बारा-पंधरा वर्षं वापरलेली छोटी गाडी ऐंशीच्या वेगाला एका बोटानं वळायला लागली, तर तक्रार कसली करायची? करायची, आणि लवकर करायची. कारण हाताला जे वजन जाणवतं, त्यातलं बरंचसं स्टिअरिंगचं नसतंच. ते रस्त्याकडून येतं.

रस्त्याकडून म्हणजे नेमकं किती जागेतून? हिशेब करून बघू. मारुती ८०० घ्या. रिकामी गाडी साधारण ६५० किलो, चालक बसला की ७२० धरा. इंजिन पुढे, म्हणून अंदाजे साठ टक्के भार पुढच्या चाकांवर, म्हणजे एका चाकाच्या वाट्याला सुमारे २१५ किलो. टायरमध्ये २६ पीएसआय हवा असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला १.८ किलो दाब. भागाकार केला की येतात जेमतेम १२० चौरस सेंटिमीटर! बोटं धरून तुमचा पंजा याहून मोठा भरेल. अख्खी गाडी वळते ती असल्या दोन तुकड्यांच्या जोरावर.

आता पंपावरच्या पोऱ्यानं घाईत ३६ भरली, तर तोच हिशेब ८५ चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतो. पाव भागाहून जास्त जागा गेली, आणि स्टिअरिंग हलकं झालं. म्हणून पहिली तपासणी फुकटातली: सकाळी टायर गार असताना हवा मोजा, आणि ती चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्याशी ताडून बघा. डिकीत गावाकडच्या तांदळाची पोती असतील तर तीही उतरवा. मागच्या चाकांच्याही मागे ठेवलेलं ओझं गाडीचं नाक वर उचलतं.

हवा बरोबर निघाली, तर एका मोकळ्या, सपाट मैदानात जा. अगदी हळू वेगात गाडी वळवा आणि पकड सैल करा. स्टिअरिंग आपोआप मध्याकडे परत येतं ना? ते का येतं, याचा कधी विचार केलाय? आत स्प्रिंग असेल असं पुष्कळांना वाटतं. तशी स्प्रिंग नसते! चाक ज्या आसाभोवती वळतं, तो वरच्या बाजूनं किंचित मागे कललेला असतो. आस खाली वाढवत नेला तर तो टायर टेकतो त्या जागेच्या थोडा पुढे जमिनीला भिडेल. त्यामुळे टायर सतत आसाच्या मागे फरफटत राहतो. ऑफिसातली खुर्ची ढकलली की तिची चाकं गरकन फिरून मागे जातात, तेच हे. या कलण्याला कॅस्टर म्हणतात. जुन्या छोट्या गाड्यांत तो दोन-चार अंशांचाच असतो, पण हायवेवर गाडी सरळ धरून ठेवण्याचं बरंचसं काम त्याचं.

तो कमी कसा होतो? एखादा खोल खड्डा दणकून लागतो आणि चाकाला खालून धरून ठेवणारा लोअर आर्म वाकतो. किंवा त्याचं रबरी बुश झिजतं, आणि चाक बोटभर मागे सरकतं. मैदानात स्टिअरिंग परत आलं नाही आणि फिरवायलाही हलकं लागलं, तर संशय इथेच घ्या. चाकाच्या पुढे आणि मागे मडगार्डपर्यंत किती फट आहे ते दोन्ही बाजूंना मोजून बघा, फरक लगेच दिसतो.

खरी गंमत मात्र टायरच्या रबरात आहे. वळताना टायर रस्त्याला टेकतो तिथे मुरडतो. ही मुरड पुढच्या टोकाला कमी आणि मागे जास्त असते, त्यामुळे आडवा जोर टेकलेल्या जागेच्या मध्यावर न पडता थोडा मागे पडतो आणि चाकाला सरळ करू पाहतो. हातातलं बरंच वजन यातून येतं. वेग वाढवा, वळण आवळा, की मागचं रबर घसरायला लागतं आणि तो जोर पुढे सरकतो. म्हणजे टायरची पकड अजून शिल्लक असतानाच स्टिअरिंग हलकं व्हायला लागतं! घसरण्याआधीच सूचना मिळते, तीही एकाही वायरशिवाय.

पावसात साचलेल्या पाण्यावर हेच घडतं, फक्त झपाट्यानं. झिजलेल्या टायरला पाणी बाजूला सारता येत नाही आणि तो त्यावर चढतो. विमानांच्या टायरांसाठी नासाच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात मांडलेलं सूत्र २६ पीएसआयला लावलं, तर टायर पाण्यावर चढण्यासाठी ताशी सुमारे ८५ किलोमीटरचा वेग येतो. गोट्या टायरसाठी हा आकडा ढोबळ मानायचा, पण झोप उडवायला पुरेसा आहे. अशा वेळी ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरा आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढा.

इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग असेल तर आणखी एक जागा तपासावी लागते. ही सोय आधी आली तीही छोट्याच गाडीत: १९८८ ची सुझुकी सेर्व्हो. स्टिअरिंगच्या दांड्यात एक बारीक सळई असते. तुम्ही वळवता तेव्हा ती इवलीशी पिळली जाते, सेन्सर तो पीळ मोजतो आणि त्या प्रमाणात मोटर हातभार लावते. पार्किंगमध्ये भरपूर, हायवेवर थोडा. पण हायवे आहे हे तिला कसं कळतं? वेगाच्या सिग्नलवरून. तो तुटला तर काही गाड्यांत मोटर हायवेवरही नको तितकी मदत करत राहते. म्हणून स्पीडोमीटरचा काटा मधूनच पडतो का, डॅशबोर्डवर दिवा लागतो का, ते बघा. मोटरच बंद पडली तर स्टिअरिंग उलट जड होतं.

हलकं आणि ढिलं यात गल्लत नको. थोडं फिरवूनही चाक हलत नसेल तर तो खेळ आहे. गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवा, टकटक झाली तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. आडवं धरून हलवल्यावर झाली तर बहुधा टाय-रॉड एंड.

आणि अलाइनमेंटला गेलात तर छापील कागद मागून घ्या. बऱ्याच छोट्या गाड्यांत कॅस्टर ॲडजस्ट करायची सोयच नसते, म्हणून दुकानदार टो, म्हणजे चाकांची तोंडं आत-बाहेर किती वळलीत ते, लावून मोकळा होतो आणि कॅस्टरच्या ओळीकडे कुणी बघतही नाही. तुम्ही बघा. डाव्या-उजव्या आकड्यांत ठळक फरक असेल, तर कॅस्टर कमी असलेल्या बाजूला गाडी ओढत असेल, आणि वाकलेला आर्म बहुधा त्याच बाजूला सापडेल.