पांढरं रोप येतं कुठून?

मंडळी, ज्वारी उगवली की हिरव्या तासात कधीतरी एखादं रोप दुधासारखं पांढरं दिसतं. आठ-पंधरा दिवसांत ते वाळून जातं. आपण म्हणतो, खत कमी पडलं.

वैशेषिकांनी अभावालाही पदार्थ मानलं. अभाव म्हटला की कशाचा, हे आधी विचारायचं. आपल्या गेवराईकडच्या चुनखडीच्या रानात ज्वारीला लोह मिळेनासं झालं, तर कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ०.५ टक्के फेरस सल्फेट फवारलं की पानं सुधारतात. पांढऱ्या रोपाला मात्र हा उपाय चालत नाही. तिथं हरितद्रव्यासाठी लागणारं जनुकच बिघडलेलं असतं. प्रकाशसंश्लेषण होत नाही, म्हणून दाण्यातली शिदोरी संपली की रोपही संपतं.

मग जे रोप कणसापर्यंत पोचतच नाही, त्याचा दोष पुढे जातो कसा? तो हिरव्या ताटांत लपतो. बिघडलेलं जनुक दोन्हीकडून आलं तरच रोप पांढरं होतं. एकीकडूनच आलं तर हिरवंच राहतं. अशा ताटाच्या कणसात स्वपरागानं भरलेल्या दाण्यांपैकी सरासरी ४ त १ पांढरं रोप देतो.

सगळेच असे मरत नाहीत, बरं का. बार्लीच्या 'क्लोरिना एफ-२' प्रकारात हरितद्रव्य 'ब' नसतंच. प्रकाश गोळा करणारी यंत्रणा तोकडी असल्यानं मंद उजेडात तो मागे पडतो. भरपूर उन्हात मात्र बरंच काम भागवतो. तेव्हा हरितद्रव्य निम्मं म्हणजे काम निम्मं, असं सरळ गणित नाही.

म्हणून औषध आणण्याआधी आपण रानात बघू या: पट्टाच्या पट्टा पिवळा आहे, की एखादंच रोप पांढरं?