टिक-टिक करणारी हार्ड डिस्क

हार्ड डिस्कच्या पोटात चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेऱ्या घेत असतात आणि वाचणारं डोकं त्यांच्यावरून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. इतक्या नाजूक संसारात बिघाड झाला की तो बहुधा ऐकू येतो. ठरावीक अंतराने येणारी टिक-टिक म्हणजे डोक्याला आपली जागा सापडत नाहीये. अशा वेळी संगणक पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका.

आवाज नाही, पण फाइल उघडायला युगं लागतात? मग डिस्कची स्वतःची नोंदवही बघा. तिला 'स्मार्ट' म्हणतात. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती वाचता येते. त्यात ५ क्रमांकाची नोंद म्हणजे बाद करून बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने निकालाची वाट पाहणारे. हे आकडे शून्यावरून वर सरकत असतील तर डिस्कचा भरवसा संपला. १९९ वाढत असेल तर मात्र आधी केबल बदला. कित्येकदा डिस्क बिचारी निर्दोष असते.

नोंदवही कोरी म्हणून निर्धास्त राहू नका. गूगलने २००७ साली आपल्या डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा बंद पडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांनी मुख्य चार नोंदींत काहीच इशारा दिला नव्हता.

शंका आली की आधी महत्त्वाच्या फाइली दुसरीकडे उतरवा, दुरुस्तीचे प्रोग्रॅम नंतर. ते डिस्कला राबवतात. आणि फ्रीजरमध्ये ठेवायचा जुना तोडगा विसरा, आत दव धरतं.