माउसचा वडीलबंधू

संगणकाच्या टेबलावर माउसच्या जागी ट्रॅकबॉल ठेवलेला पाहिला, की नवखा मनुष्य हटकून एकच गोष्ट बोलतो. ती ही, की कोणीतरी माउस उताणा करून ठेवलेला दिसतो. यंत्ररचनेच्या दृष्टीने या शेऱ्यात फारसे वावगे नाही; परंतु त्यातून सूचित होणारी वंशावळ मात्र सर्वस्वी उफराटी आहे. ज्या चेंडूच्या माउसने पुढे जगभरच्या कचेऱ्यांवर वर्षानुवर्षे अंमल गाजविला, त्याचा एक आद्य नमुना प्रत्यक्षात पालथा घातलेला ट्रॅकबॉलच होता. आणि ट्रॅकबॉलची कल्पना माउसच्या पहिल्या नमुन्याच्याही अठरा वर्षे आधी सिद्ध झालेली होती. थोरल्याने परमुलखात चाकरी पत्करावी आणि मागे सातबारावर धाकट्याचे एकट्याचे नाव चढावे, तसा काहीसा हा प्रकार आहे.

थोरल्याची ती चाकरी आरमारातली होती. दुसरे महायुद्ध संपले, तेव्हा ब्रिटिश आरमाराच्या वैज्ञानिक सेवेत राल्फ बेंजामिन हा तरुण अभियंता काम करीत असे. तो जन्माने जर्मन. नाझी राजवटीच्या छळापायी किशोरवयातच इंग्लंडच्या आश्रयास आलेला. त्याच्याकडे जी यंत्रणा होती, तिचे काम असे, की रडारच्या पडद्यावर शत्रूच्या विमानाचा ठिपका जेथे जेथे दिसेल तेथे तेथे कारागिराने खूण नेऊन ठेवावी, आणि अशा काही खुणा मिळाल्या, की गणकयंत्राने ते विमान थोड्या वेळाने कोठे असेल याचा अदमास बांधावा. खूण हलविण्यासाठी तेव्हा दांडा, म्हणजे आजचा जॉयस्टिक, वापरला जाई. बेंजामिनला तो पुरेसा नाजूक वाटेना. म्हणून १९४६ साली त्याने रबराचे आवरण चढविलेल्या दोन चाकांवर धातूचा एक गोळा टेकविला, व गोळा फिरवला की दोन्ही चाके आपापल्या दिशेचा हिशेब ठेवतील अशी तजवीज केली. या युक्तीचे पेटंटही घेण्यात आले. तथापि लष्करी गुपित म्हणून सारे प्रकरण दप्तरबंद झाले, नमुन्यापलीकडे काही घडले नाही, आणि जहाजांवर दांडाच कायम राहिला. बेंजामिन पुढे ब्रिटिश सरकारच्या गुप्त संदेश खात्याचा प्रमुख शास्त्रज्ञ झाला. त्यामुळे गुपिते पोटात ठेवण्याचा त्याचा सराव वाया गेला असे म्हणता येणार नाही.

यानंतरचे प्रकरण कॅनडातले, आणि माझ्या मते या इतिहासातले सर्वांत रंगतदार. कॅनडाच्या आरमाराने ‘डाटार’ नावाची एक योजना हाती घेतली होती. काफिल्यातल्या प्रत्येक जहाजाला जे रडारवर वा सोनारवर दिसते, ते अंकांच्या रूपाने बिनतारी मार्गाने इतर सर्व जहाजांना पोचवावे, म्हणजे समुद्राचे एकच समग्र चित्र सर्वांच्या डोळ्यांपुढे राहील, असा तिचा हेतू. आणि गणकयंत्रे खोल्याच्या खोल्या व्यापीत असताना ती जहाजावर चढविण्याचा हा बेत धाडसाचाच म्हटला पाहिजे. काम टोरांटोच्या फेरांटी कॅनडा कंपनीकडे होते. तेथील टॉम क्रॅन्स्टन, फ्रेड लाँगस्टाफ आणि केन्यन टेलर या त्रयीने १९५२ च्या सुमारास पडद्यावरची खूण हलविण्यासाठी जो गोळा बसविला, तो कोणत्याही प्रयोगशाळेत घडलेला नव्हता. तो होता ‘फाइव्ह-पिन बोलिंग’ या खेळाचा चेंडू. हा खेळ टोरांटो शहरातच विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात टॉमस रायन नावाच्या गृहस्थाने काढला होता. नेहमीच्या बोलिंगचा जड गोळा ज्यांना पेलत नाही, त्यांच्यासाठी त्याचा चेंडू लहान, सुमारे पाच इंच व्यासाचा, आणि बोटे घालावयाच्या भोकांवाचून, म्हणजे सर्वांगी गुळगुळीत. काटेकोर गोल, टणक आणि तळहाताखाली नेमका मावणारा पदार्थ गावच्या बाजारात तयार मिळत असता तो मुद्दाम ओतवून घेण्याची यातायात त्या व्यवहारी माणसांनी केली नाही, याचे मला मोठे कौतुक वाटते.

१९५३ साली ओंटारिओ सरोवरावर सुरुंग-काढणी जहाजांवर ही यंत्रणा चढवून तिची परीक्षा घेण्यात आली, आणि ती यशस्वी झाली. परंतु हजारो व्हॅक्यूम ट्यूबांनी भरलेली कपाटे प्रत्येक जहाजावर बसविण्याचा खर्च सरकारला झेपेना, आणि योजना गुंडाळली गेली. तिच्याबरोबर चेंडूही गेला. येथे एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावयास हवी. लाटांवर डुलणाऱ्या जहाजात टेबलावर सुटी ठेवलेली कोणतीही वस्तू हाताशी राहत नाही. माउस तेव्हा अस्तित्वात असता, तरी तो तेथे निरुपयोगीच ठरला असता, कारण त्याला फिरावयास सपाट व स्थिर जमीन लागते. चेंडू मात्र आपल्या खळग्यातून तसूभरही न हलता काम करतो, आणि हात कोठे ठेवावयाचा हे कारागिराला पडद्यावरची नजर न काढता कळते. हे यंत्र पुढे ज्या ज्या ठिकाणी टिकून राहिले, तेथे तेथे ते याच गुणावर टिकले.

माउसची हकीकत सर्वश्रुत असल्याने ती थोडक्यात उरकतो. कॅलिफोर्नियात डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६४ साली बनविलेल्या पहिल्या लाकडी माउसच्या पोटात चेंडू नव्हता, परस्परांशी काटकोनात बसविलेली दोन चाके होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगलबार्टने त्याचे जे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले, ते संगणकाच्या इतिहासात अजरामर झाले. इकडे पश्चिम जर्मनीत टेलेफुंकेन कंपनीच्या राइनर मालेब्राइन यांच्याकडे विमानवाहतूक नियंत्रणाच्या टेबलासाठी तयार केलेला ट्रॅकबॉल होता. टेबलाला भोक पाडून तो बसविण्यापेक्षा तोच पालथा घालून टेबलावर का फिरवू नये, हा विचार तेथे निघाला. आणि कंपनीच्या २ ऑक्टोबर १९६८ च्या विक्रीपत्रकात तो पालथा गोळा छापून आला, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रात्यक्षिकाच्या दोन महिने अगोदर. लेखाच्या आरंभी वंशावळीचा जो दावा केला, त्याचा दस्तऐवज हा.

आता यंत्राच्या पोटात डोकावू. जुन्या घडणीत गोळ्याला दोन बारीक दांडे काटकोनात चिकटून असत, एक आडव्या हालचालीसाठी, दुसरा उभ्या. दांड्याच्या टोकाला खाचा पाडलेली चकती. चकतीच्या एका अंगाला अदृश्य प्रकाशाचा दिवा, दुसऱ्या अंगाला तो ओळखणारे दोन डोळे, एकमेकांपासून किंचित सरकवून बसविलेले. चकती फिरली, की खाचांतून प्रकाश लुकलुकतो. किती वेळा लुकलुकला यावरून अंतर कळते, आणि दोहोंपैकी कोणत्या डोळ्याला आधी दिसला यावरून दिशा. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात लॉजिटेक कंपनीने स्वित्झर्लंडमधील नशातेलच्या संशोधनसंस्थेच्या साहाय्याने दांडे काढून टाकले, गोळ्यावर अनियमित ठिपके छापले, व त्या ठिपक्यांचे सरकणे प्रकाशाने टिपणारा डोळा खाली बसविला. कचेरीतल्या माउसचा चेंडू नाहीसा होण्याच्या कितीतरी आधी ट्रॅकबॉल या मार्गाने दांड्यांच्या जाचातून सुटला होता.

तरीही मळ काही सुटला नाही. खळग्यात गोळा ज्या तीन मण्यांवर टेकतो (ते पोलादाचे, सिरॅमिकचे, आणि एलेकॉमसारख्या काही जपानी कंपन्यांच्या यंत्रांत चक्क कृत्रिम माणकाचे असतात), त्यांच्याभोवती बोटांचा घाम, कपड्यांचे तंतू आणि हवेतली धूळ मिळून एक राखी थर साचतो. खूण पडद्यावर अडखळू लागली, की जाणत्याने ओळखावे. यंत्र पालथे करावे, तळाच्या भोकातून पेन्सिलीचे बोथट टोक आत सारावे, गोळा टपकन हातात येतो. मग तिन्ही मण्यांवरची ती राखी टिकली नखाने खरवडावी, गोळा मऊ फडक्याने पुसावा आणि जागच्या जागी बसवावा. गंमत अशी, की इतके केल्यावर यंत्र आधीपेक्षा जड चालते, कारण त्वचेचे जे सूक्ष्म तेल वंगणाचे काम करीत होते तेही पुसले गेलेले असते. यावर मुरलेल्या मंडळींचा तोडगा असा, की गोळा क्षणभर नाकाच्या शेंड्यावर किंवा कपाळावर घोळवावा. चारचौघांत करण्याजोगी ही क्रिया नव्हे; परंतु ती गुण देते हे मी स्वानुभवाने सांगतो.

खेळाच्या दुनियेत या गोळ्याचा काही काळ मोठा बोलबाला होता. अटारी कंपनीच्या १९७८ च्या ‘फुटबॉल’ या खेळात खेळाडू तळहाताने गोळा इतक्या त्वेषाने फटकारीत, की हाताला फोड येत. त्यामागून १९८० चा ‘मिसाइल कमांड’ आणि १९८१ चा ‘सेंटिपीड’ हेही गोळ्यावरच चालले. पुढे ॲपलच्या १९९१ च्या पॉवरबुकमध्ये कळफलकाच्या खाली, नेमका दोन अंगठ्यांच्या मध्ये, तो दिसू लागला. पण १९९४ मध्ये त्याच घराण्यात स्पर्शपट्टी आली आणि लॅपटॉपमधून त्याला निरोप मिळाला. २००६ च्या ब्लॅकबेरी फोनवरच्या वाटाण्याएवढ्या गोळीचीही थोड्याच वर्षांत तीच गत झाली.

वाचकांपैकी बहुतेकांना वाटेल, की हे यंत्र आपण पाहिलेलेही नाही. वस्तुतः तालुक्याच्या गावी सोनोग्राफीला गेलेल्या प्रत्येकाने ते पाहिलेले असते. यंत्राच्या कळफलकाच्या मध्यभागी, बटणांच्या वेढ्यात, जो गोळा असतो तो ट्रॅकबॉल. डॉक्टरांचा एक हात, बहुधा उजवा, जेल लावलेला प्रोब पोटावर धरून गुंतलेला असतो, आणि तो हलला तर चित्र हलते; नजर पडद्यावर खिळलेली; उरला डावा हात, आणि त्याला अंधाऱ्या खोलीत न चाचपडता सर्व कारभार उरकावयाचा असतो. हवी ती प्रतिमा दिसताच बोट ‘फ्रीझ’चे बटण दाबते. मग तोच गोळा मागे फिरवून गेल्या काही क्षणांतल्या प्रतिमा उलट क्रमाने पाहता येतात, त्यांतली सर्वांत स्पष्ट निवडता येते, आणि पुन्हा तोच गोळा अधिकाची एक बारीक खूण गर्भाच्या मस्तकाच्या अलीकडच्या कडेवर नेऊन ठेवतो, बटण दाबले की दुसरी खूण पलीकडच्या कडेवर. यंत्र दोहोंमधले अंतर मिलिमीटरमध्ये मांडते, आणि त्यावरून गर्भ किती आठवड्यांचा हे वर्तविले जाते. मांडीच्या हाडाची लांबीही अशीच मोजतात. या कामात माउस देऊन पाहा: त्याला ठेवावयास जागा नाही, हातावरच्या जेलने त्याखालची चटई बरबटेल, आणि यंत्र चाकांवर एका खाटेकडून दुसरीकडे ढकलताना तो वायरीला लोंबकळत जाईल. जहाजावरचे सर्व मुद्दे येथे शब्दशः लागू पडतात. जेल मात्र गोळ्याच्या कडेनेही आत उतरतेच. म्हणून भोवतीची कडी फिरवून गोळा बाहेर काढण्याची सोय ठेवलेली असते.

राहता राहिला प्रश्न तुमच्या-आमच्या टेबलाचा. येथे ट्रॅकबॉलच्या भक्तांच्या सांगण्यावर सर्वस्वी भिस्त ठेवू नये. स्कॉट मॅकेन्झी, ॲबिगेल सेलन आणि विल्यम बक्स्टन यांनी १९९१ साली माउस, लेखणीची पाटी आणि ट्रॅकबॉल यांची तुलना केली, तेव्हा लक्ष्यावर जाऊन पोचण्यात ट्रॅकबॉल सर्वांत मंद ठरला, आणि बटण दाबून धरून एखादी वस्तू ओढीत नेण्यात तर त्याची अधिकच त्रेधा उडाली. कारण उघड आहे: बटण दाबून धरणारे स्नायू आणि गोळा फिरविणारे स्नायू एकाच हातात शेजारी शेजारी असल्याने ते एकमेकांच्या कामात लुडबुड करतात. यासाठीच बरेच जण ‘दाबून धरणे’ हे काम एखाद्या फाजील बटणाला लावून देतात: एकदा दाबले की धरले, पुन्हा दाबले की सोडले. ट्रॅकबॉलच्या पदरी जमा बाजूस आहे ती निराळी गोष्ट. दिवसभर खाती-रकाने पाहणाऱ्याचा दंड आणि खांदा माउसमागे जे अगणित लहान प्रवास करतात, ते येथे वाचतात. मनगट एका जागी विसावते. आणि कागदपत्रांच्या गठ्ठ्यांनी वेढलेल्या टेबलावर, जेथे माउसला वीतभर मोकळी जमीन मिळविण्यासाठी रोज फायलींशी सरहद्दीचा तंटा करावा लागतो, तेथे हा तंटाच मिटतो. वेग ज्याला प्राणप्रिय त्याने माउसच घ्यावा. खांदा ज्याचा कुरकुरतो त्याने इकडे वळून पाहावे. पहिले काही दिवस खूण वेडीवाकडी धावते, ते सोसावे लागते.

वळताना अंगठ्याचा गोळा की बोटांचा, हे ठरविणे अगत्याचे. अंगठ्याने फिरवावयाचा प्रकार माउससारखाच दिसत असल्यामुळे लवकर अंगवळणी पडतो व अधिक खपतो; पण त्यात खांद्याचा सारा भार एका अंगठ्याच्या सांध्यावर येतो, आणि तो सांधा दुखू लागल्याची तक्रार नवी नाही. शिवाय हे यंत्र बहुधा उजव्या हाताच्याच साच्यात घडविलेले असते. बोटांनी फिरवावयाचा मोठा गोळा, जसा केन्सिंग्टन कंपनीच्या एक्स्पर्ट माउसमध्ये ५५ मिलिमीटरचा असतो, तो मध्यभागी असल्यामुळे डावखुऱ्यांनाही तितकाच सोयीचा. आणि त्याला एक हिसका दिला, की तो स्वतःच्या वजनाने फिरत राहून खुणेला पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला पोचवितो, हे सुख लहान गोळीत नाही. माझा कौल बोटांच्या बाजूने आहे.

ट्रॅकबॉलच्या गिऱ्हाइकांची निष्ठा मोठी चिवट, आणि कंपन्यांनी तिची कदर नेहमीच केली असे नाही. मायक्रोसॉफ्टने ‘ट्रॅकबॉल एक्स्प्लोरर’ हे आपले बोटांचे मॉडेल बंद केले, त्याला वर्षे लोटली. तरी जुने नग मूळ किमतीपेक्षा कितीतरी चढ्या भावाने हस्ते-परहस्ते फिरत राहिले. अलीकडे कॅनडातल्याच प्लूपी नावाच्या एका छोट्या कंपनीने निराळी वाट धरली आहे: ती तयार यंत्रे विकते, आणि त्यांच्या कवचाचे व विद्युत्‌मंडलाचे आराखडे सर्वांस खुलेही ठेवते, जेणेकरून कवच तडकले तर गिऱ्हाइकाने कोणाच्याही मंजुरीवाचून ते थ्री-डी प्रिंटरवर पुन्हा छापून घ्यावे.